मदत हवी आहे : अणुभट्टी + पवनचक्क्या, १००० मेगावॉट अखंड वीज. हिशोब कुठे चुकतोय?

पाटणकर_के : एक्सेलमध्ये मांडणी करतोय. मागणी रात्रंदिवस १००० मेगावॉट धरली आहे. काकरापारच्या नव्या संचांसारखी ७०० मेगावॉटची जड पाण्याची एक भट्टी, तिचा स्वतःचा वापर वजा करून ६३०. उरलेल्या ३७० साठी चाळकेवाडी-वनकुसवडे पठारासारख्या ठिकाणी १४८० मेगावॉटच्या पवनचक्क्या (सीयूएफ, म्हणजे पूर्ण क्षमतेच्या तुलनेत वर्षभरात सरासरी मिळणारी वीज, २५ टक्के). वारा वाढला की भट्टी उतरवायची, पडला की चढवायची. वर्षाची बेरीज तंतोतंत जुळते. चालेल ना?

ग्रिडवाला : वर्षाच्या सरासरीनेच घात केलाय. सह्याद्रीवरचा जोरदार वारा जून ते सप्टेंबर. जुलैत भट्टी धरून २००० च्या वर जाल आणि नोव्हेंबरच्या संध्याकाळी पवनचक्क्या जवळपास शून्यावर असतील. शिवाय वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात मिळते : वारा सेकंदाला १० मीटरवरून ८ वर आला की वीज निम्मी. दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ ब्लॉक घ्या, वर्षाच्या ३५,०४० ओळी होतील. तूट त्यातच दिसेल.

न्यूट्रॉन : भट्टीला वाऱ्यामागे पळवू नका. शक्ती उतरवली की आयोडीन-१३५ पासून झेनॉन-१३५ (न्यूट्रॉन गिळून साखळी अभिक्रिया दाबणारा वायू) बनत राहतो, पण त्याला जाळणारे न्यूट्रॉन कमी झालेले असतात. नैसर्गिक युरेनियमच्या भट्टीत जादा रिॲक्टिव्हिटी (साखळी अभिक्रिया वाढवायची शिल्लक ताकद) मुळातच तुटपुंजी. ट्रिप झाल्यावर (भट्टी आपोआप बंद पडल्यावर) अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा उचलली नाही, तर दीडेक दिवस हात बांधून बसावे लागते. फ्रान्समध्ये शक्ती खालीवर करतात, पण त्या समृद्ध युरेनियमच्या भट्ट्या आहेत, कंट्रोल रॉडही त्यासाठीच बेतलेले. कॅनडात ब्रूस अणुवीज केंद्रात भट्टीची शक्ती फारशी न हलवता वाफ टर्बाइनला वळसा घालून थेट कंडेन्सरमध्ये सोडतात. उष्णता वाया जाते, पण झेनॉनचा फास बसत नाही. आणि अणुविजेत इंधनाचा खर्च थोडा, भांडवलाचा मोठा. भट्टी उतरवून वाचणार काय?

पाटणकर_के : पटलं. भट्टी ६३० वर स्थिर ठेवतो. मग साठवण किती?

ग्रिडवाला : वारा दहा तास पडला तर ३७० × १० = ३७०० मेगावॉट-तास. उदंचन प्रकल्पात (जादा विजेने पाणी वर चढवायचे, तूट पडली की खाली सोडून वीज करायची) जाऊन-येऊन ७५ ते ८० टक्के हाती लागतात, म्हणजे पाणी वर चढवायला सुमारे ४८०० लागतील. घाटघरचा उदंचन प्रकल्प २ × १२५ मेगावॉटचा आहे. तो पूर्ण क्षमतेने सहा तास चालला तरी १५०० च. आठवडाभर वारा नसला तर साठवण पुरणार नाही, तिथे ३७० चा दुसरा स्रोत लिहावाच लागेल. कोयना फुकटची बॅटरी समजू नका : पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणीवाटप लवादाची वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा आहे.

न्यूट्रॉन : आणखी एक रकाना जोडा : भट्टी अचानक ट्रिप झाली तर ६३० एका क्षणात जातात, तेवढी राखीव ग्रिडमध्ये हवी. नियोजित देखभाल मात्र जुलै-ऑगस्टमध्ये टाका. इंधन चालू भट्टीतच बदलता येत असल्याने बंदची तारीख आपल्या हातात असते.