सिलेक्टिव्ह मीडियम म्हणजे 'निवडक माध्यम'? आणि संयुग्मनाबद्दल पण थोडं

बीएस्सी मायक्रोच्या पोरांसाठी मराठीत नोट्स लिहितोय. कॉन्ज्युगेशनला (एक जिवाणू दुसऱ्याला चिकटून डीएनए देतो ते) संयुग्मन लिहिलं, ते रुळलेलंच आहे. पण सिलेक्टिव्ह मीडियमला (जिवाणू वाढवायचं असं खाद्य, ज्यावर ठरावीकच जिवाणू वाढतात) 'निवडक माध्यम' लिहिलं आणि परत वाचताना खटकलं. निवडक कविता, निवडक पाहुणे म्हणजे कुणीतरी निवडलेले ना? इथे तर माध्यमच निवडतंय. काय लिहू?

—

खटकलं ते बरोबरच आहे. संयुग्मन दाखवणारा १९४६ चा लेडरबर्ग आणि टेटम या शास्त्रज्ञांचा प्रयोग घ्या, ई. कोलाय जिवाणूचे दोन स्ट्रेन (वाण), पुस्तकात नेहमी येणारी जोडी म्हणजे एकाला मेथिओनिन आणि बायोटिन बाहेरून द्यावं लागतं, दुसऱ्याला थ्रिओनिन, ल्युसिन आणि थायमिन (ही अमिनो आम्लं नि जीवनसत्त्वं, जीनमधल्या खोटीमुळे त्यांना स्वतः बनवता येत नाहीत), दोघांना एकत्र वाढवायचं, धुवायचं आणि नुसतं ग्लुकोज नि क्षार असलेल्या किमान माध्यमावर पसरायचं. दोघंही उपाशी, कुणीच वाढत नाही, पण कोटीत एखादा जिवाणू कॉलनी करतो कारण त्याच्याकडे दोघांचे चांगले जीन आलेत. (एकेकच खोट का नाही ठेवली? एक खोट आपोआप दुरुस्त होऊ शकते, दोन-तीन एकदम होणं जवळपास अशक्य, म्हणून.)

आता बघा, माध्यमाने त्या एकाला उचललं नाही, बाकीच्यांना वाढू दिलं नाही. आपण तांदूळ निवडतो तेव्हा हात खडेच वेचतो, तांदूळ ताटात उरतो, तसंच. म्हणजे 'निवडणं' हे क्रियापद फिट्ट बसतं, घोळ फक्त त्या 'निवडक'चा आहे. मी 'निवड माध्यम' लिहीन, निवड समिती, निवड चाचणी सारखं. वरणात्मक वगैरे नको, पोरांना वरण-भात आठवेल.

—

निवड माध्यम आवडलं. पण मग मॅकॉन्की माध्यमाचं काय करायचं? त्यात पित्तक्षार आणि क्रिस्टल व्हायोलेट ग्रॅम पॉझिटिव्ह गटातल्या जिवाणूंना अडवतात, ती निवड झाली, पण वाढलेल्यांत लॅक्टोज खाणारे गुलाबी आणि न खाणारे बिनरंगी दिसतात, ती निवड नाही, नुसती ओळख आहे.

—

त्याला भेददर्शक म्हणा. मॅकॉन्की दोन्ही आहे, दोन्ही शब्द लावायचे.

माझा आक्षेप संयुग्मनावर आहे. पॅरामेशियममध्ये दोघं एकमेकांना केंद्रक देतात, तिथे शब्द शोभतो. जिवाणूत मामला एकतर्फी. १९५२ मध्ये लंडनला हेज या शास्त्रज्ञाने स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाने एका बाजूचे जिवाणू मारले तरी नवे मिश्र जिवाणू मिळाले, दुसऱ्या बाजूचे मारले की मिळेनात. म्हणजे एक देणारा, एक घेणारा. आणि मुलं याला सर्रास 'प्रजनन' लिहितात, अरे पण दोन होते ते दोनच राहिले की!

घेणाऱ्याला ग्राही म्हणा, ग्राहक नको, दुकान वाटतं. 'दाता' पण मला पूर्ण पटत नाही कारण दिलेलं त्याच्याकडेही उरतंच, डीएनएचा एक धागा जातो आणि दोन्हीकडे जोडीदार धागा नव्याने तयार होतो. मी वर्गात विरजण सांगते. एफ नावाचं प्लास्मिड (गुणसूत्राबाहेरचं डीएनएचं कडं) ज्याच्याकडे आहे तो एफ प्लस, नाही तो एफ मायनस; एफ प्लसने एफ मायनसला ते दिलं की तोही एफ प्लस, पुढच्याला लावायला तयार. एचएफआरला (ज्याचं एफ गुणसूत्रातच बसलंय असा देणारा) मात्र हे उदाहरण फसतं, तिथे अख्खं गुणसूत्र जायला साधारण १०० मिनिटं लागतात, मध्येच जोडी तुटते आणि एफचा शेवटचा तुकडा पोचतच नाही, म्हणून ग्राही बहुतेक वेळा एफ मायनसच राहतो.

—

विरजण ढापतोय, चालेल ना? :) निवड माध्यम फायनल. संयुग्मन ठेवतो, सगळ्या पुस्तकांत तेच आहे, पण खाली 'एकतर्फी' अशी ओळ टाकतो. आता ऑक्झोट्रॉफला (वरच्या दोन स्ट्रेनसारखा, ज्याला एखादं पोषक बाहेरून द्यावं लागतं तो) कुणीतरी शब्द सुचवा, परपोषी सोडून, तो आधीच हेटरोट्रॉफने (स्वतःचं अन्न न बनवणाऱ्या जिवाने) घेतलाय.