'आधी पाणी, मग विमान' म्हणणाऱ्यांना

चादरगल्ली
काल आपल्या सोलापूरच्या या फोरमवर एक पोस्ट वाचली: "होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान झालं, मुंबईचं झालं, आता शहराबाहेर बोरामणीला आंतरराष्ट्रीय विमानतळ कशाला? नळाला चार-चार दिवस पाणी नाही. विमान ही श्रीमंतांची चैन." रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझा टॉवेलचा कारखाना आहे, सोळा माग. कोविडच्या आधी दुबईचा एक खरेदीदार माल बघायला येणार होता. हैदराबादला उतरून पुढं पाच-सहा तास गाडीनं यायचं, हे ऐकल्यावर म्हणाला, सँपल कुरिअर करा. ऑर्डर पानिपतला गेली. त्यानं माग बघितले असते, कामगारांचा हात बघितला असता, तर गोष्ट वेगळी झाली असती. माझ्याकडं अकरा बायका शिलाईला आहेत. त्या श्रीमंत आहेत का? होटगी रोडला चारी बाजूंनी वस्ती, धावपट्टी वाढवायची कुठं? आज बोरामणी केलं नाही तर आपली पोरं हिंजवडी-बेंगळुरूलाच म्हातारी होणार.

सांगोल्याचं डाळिंब
खरेदीदाराचं पटलं. पण सभांमधून 'डाळिंब विमानानं थेट दुबईला' सांगतात, ते बंद करा. माझा माल रीफर म्हणजे थंड कंटेनरमधून न्हावाशेवा बंदराला जातो, तिथून बोटीनं. डाळिंब टिकाऊ फळ, त्याला घाई नाही. विमानाचं भाडं माझ्या किलोच्या भावात बसत नाही. तुमच्या टॉवेलचंही तेच.

चादरगल्ली
मालाचं मान्य. मी माणसांबद्दल बोललो होतो.

सभासदाचा मुलगा
माणसांबद्दल बोलता, तर १५ जून २०२३ विसरलात का? होटगी रोडच्या विमानांना आडवी येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली त्या दिवशी वडील टीव्हीसमोरून उठले नाहीत. जेवले नाहीत. तीस वर्षं ऊस घातला होता त्यांनी. बोरामणी वेळेत झालं असतं तर होटगी रोडची गरज पडली नसती आणि चिमणीही उभी असती.

सात रस्ता
विमान उतरायच्या वाटेत एवढी उंच चिमणी कशी चालेल? सुरक्षेपुढं भावना चालत नाहीत. चिमणीपायी शहर किती वर्षं अडकून पडलं!

सभासदाचा मुलगा
मग पाडल्या पाडल्या विमान उडालं का? उद्घाटन सप्टेंबर २०२४ ला, गोव्याचं पहिलं विमान ९ जून २०२५ ला. दोन वर्षं काय अडलं होतं? तेव्हा तर चिमणी नव्हती.

सात रस्ता
का बे, परवाने, सुरक्षा, कंपनी, मार्ग, हे सगळं एका रात्रीत होतं का? प्रत्येक धाग्यात चिमणी आणतोस.

सभासदाचा मुलगा
आणणार. तुझ्या घरातलं काही पडलं असतं तर तूही आणलं असतंस. आणि एकेरीवर येऊ नको.

जुळे सोलापूरची अक्का
ती पोस्ट माझी. चादरगल्लीभाऊ, तुमच्या अकरा बायकांपैकी एक माझ्या शेजारी राहते. पाण्याच्या दिवशी ती कामावर खाडा करते, कारण पाणी कधी येईल ते ठरलेलं नसतं. तुमचाच माग त्या दिवशी थांबतो. मुंबईच्या विमानाच्या सीटमागे सरकार अनुदान देतंय, ते थांबलं की कोण बसणार? पुण्याला जायला सकाळी वंदे भारत आहेच.

चादरगल्ली
खाड्याचं खरं आहे, अक्का. पण पाण्याचा पैसा आणि विमानाचा पैसा एकाच खिशातून येत नाही. विमान थांबवल्यानं नळाला पाणी येणार नाही. आणि अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूरला लांबून येणाऱ्यांनी वंदे भारत पकडायला आधी पुणं गाठायचं का?

अक्का
पाण्यासाठी असं हट्टानं लिहिणारा एकही माणूस मला इथं दिसला नाही, एवढंच माझं म्हणणं. भाविकांचा मुद्दा ठीक. तेवढाच.

बोरामणी
तुम्ही चिमणी आणि नळावर भांडायलाव. आमच्या शिवारातली साडेपाचशे हेक्टरच्या आसपास जमीन विमानतळासाठी घेतली. मधल्या वनजमिनीचा आणि माळढोक पक्ष्याचा प्रश्न अडून बसला. आमची ज्वारीची जमीन होती. माझा धाकटा भाऊ आता पुण्यात वॉचमन आहे. विमानतळ करायचा तर करा, नसेल करायचा तर तसं सांगा. अधांतरी ठेवू नका.

सात रस्ता
दादा, होटगी रोड चालू झाल्यावर बोरामणीचं नाव काढायचं मीच बंद केलं होतं. चुकलं माझं.

सभासदाचा मुलगा
हेच मी वर सांगत होतो.