‘कमोडिटी’ म्हणजे कच्चा माल?

धंतोलीकर: विकसनशील देशांच्या ‘कमोडिटी’ निर्यातीवर मराठीत लिहितोय. ‘कच्च्या मालावरचं अवलंबित्व’ चालेल ना?

महालकर: नाही चालणार. झांबियाच घ्या. तिथलं बहुतेक तांबं वितळवून, काही तर शुद्ध करून मगच बाहेर जातं. म्हणजे पक्काच माल की! तरी अंक्टाडच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-विकास संस्थेच्या हिशेबात तो देश अवलंबितच, कारण ‘कमोडिटी’च्या वर्गवारीत शुद्ध तांबंही येतं. वस्तूंच्या निर्यातीतली ६० टक्क्यांहून जास्त कमाई अशा मालाची असली की देश त्या यादीत. खरी गोम भावाची आहे. खाण झांबियात, भाव लंडनच्या धातुबाजारात. मी ‘जिन्नस’ म्हणेन.

सीताबर्डीची ताई: जिन्नस म्हटलं की मला चिवड्याचं साहित्य आठवतं, काका. पाठ्यपुस्तकातलं ‘प्राथमिक वस्तू’ काय वाईट?

महालकर: त्याने मला प्राथमिक शाळा आठवते!

जिनिंगवाला: काकांचं बरोबर आहे. शेतकरी आणतो तो कापूस. सरकी निघाली की रुई, क्विंटलमागे साधारण तिसरा हिस्सा. प्रेसमधून निघाली की गाठ. मजूर, वीज, यंत्रं सगळं लागलं, पण घेणारा विचारतो धाग्याची लांबी, मायक्रोनेअर म्हणजे तंतूचा बारीकपणा, कचरा किती. गाव कोणतं, हे कोणी विचारत नाही. न्यूयॉर्कचा वायदा पडला की इथंही पडझड. गाठ ही जिन्नसच राजेहो. सूत-कापड झालं की त्या यादीतून सुटका. नागपुरात एम्प्रेस मिलनं १८७७ पासून तेच केलं. पुढं मिल बंद पडली ती पडलीच. बेनिन, मालीची बहुतेक रुई आजही गाठीतच बाहेर जाते.

धंतोलीकर: मग त्यावरच्या उपायाला ‘मूल्यवर्धन’ म्हणू की ‘विविधीकरण’?

महालकर: दोन्ही वेगळे, मिसळू नका. इंडोनेशियानं २०२० पासून निकेलचं खनिज बाहेर पाठवणं बंद केलं, शुद्धीकरणाचे कारखाने देशात आणले. हे मूल्यवर्धन, पण नशीब निकेललाच बांधलेलं. कोस्टारिका कॉफी-केळी विकत होता, आज वैद्यकीय उपकरणं सर्वांत जास्त विकतो. हे विविधीकरण. माझ्या मते कठीणही हेच, कारण त्याला आधी शिकलेली माणसं लागतात. शीर्षक द्या, ‘जिन्नस-निर्यातीवरची भिस्त’.

सीताबर्डीची ताई: ‘जिन्नस’ मान्य. पण भिस्त आपण आपल्या मर्जीनं ठेवतो. वसाहतीच्या काळात खाणी उघडताना झांबियाला कोणी विचारलं होतं? ‘अवलंबित्व’च राहू द्या.