ट्रक सुटण्याआधीचा दिवस: नैरोबीतले तुमचे अनुभव लिहा

नैरोबीहून निघून टांझानिया, मलावी, झांबिया अशा वाटेने दक्षिणेकडे उतरणाऱ्या ओव्हरलँड (ट्रकने रस्त्यामार्गे जाणाऱ्या) सफरींचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आदल्या संध्याकाळी सहप्रवाशांची बैठक होते आणि दुसऱ्या दिवशी रस्ते तुंबण्याआधी ट्रक निघतो. विमानाला उशीर झाला तर काय, या धास्तीने आधीच येऊन थांबलेल्या प्रवाशाच्या हाती त्यामुळे एक मोकळा दिवस उरतो. बरेच जण तो हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाकाठी घालवतात, आणि मला ते पटत नाही. म्हणून हा धागा. एकच विनंती आहे: पाहण्यासारख्या ठिकाणांच्या याद्या सगळीकडे मिळतात, येथे तुम्ही स्वतः तो दिवस कसा घालवला आणि पुन्हा तसाच घालवाल का, ते लिहावे.

सुरुवात मीच करते. माझा बहुतेक दिवस रेल्वे संग्रहालयात गेला. मोंबासाहून निघालेले युगांडा रेल्वेचे रूळ १८९९ मध्ये या दलदलीच्या पठारावर पोहोचले, पुढे रिफ्ट खोऱ्याचा अवघड उतार असल्यामुळे येथे सामानाचा तळ पडला, आणि त्या तळाचेच पुढे शहर झाले. त्यामुळे नैरोबीची ओळख रेल्वेपासून करून घेणे मला सयुक्तिक वाटते. हा मार्ग बांधण्यासाठी भारतातून सुमारे ३२,००० मजूर नेण्यात आले. त्यांतले बहुतेक पंजाबातले होते आणि सुमारे २,५०० जण कामावरच मरण पावले. रुळांची रुंदीही आपल्याकडच्या मीटर गेजचीच, आणि १९२० पर्यंत येथील चलन रुपयाच होते, हे वाचून मी जरा थबकले. रेल्वेच्या मजुरांना मारून खाणारे सावोचे ते दोन नरभक्षक सिंह येथे असतील अशा समजुतीने काही जण येतात, पण त्यांचे अवशेष शिकागोच्या संग्रहालयात आहेत. येथे आहे तो वेगळ्या घटनेतला रेल्वेचा डबा. १९०० मध्ये कीमा स्थानकाजवळ उपद्रव देणाऱ्या सिंहाला मारण्यासाठी चार्ल्स रायल हा पोलीस अधिकारी दोन सोबत्यांसह या डब्यात रात्री दबा धरून बसला, त्याला डुलकी लागली, आणि सिंहाने आत शिरून त्यालाच खिडकीतून ओढून नेले. ती खिडकी पाहूनही हे कसे जमले असेल, याचा अंदाज मला बांधता आलेला नाही. आवारातली गॅरट जातीची अवाढव्य वाफेची इंजिने पाहायला वेळ राखून ठेवावा. पुन्हा गेले तर मी हेच करीन.

*

मडगावहून

ताई, तुमच्या संग्रहालयापासून फार लांब नसलेल्या एका जागेबद्दल लिहितो, कारण गोव्याच्या माणसाने ती चुकवू नये असे मला वाटते. मोई अव्हेन्यूवर केनियाचे राष्ट्रीय अभिलेखागार आहे. पूर्वी तेथे बँक होती. तळमजल्यावर जोसेफ मुरुंबी यांनी जमवलेला आफ्रिकी कलावस्तूंचा संग्रह मांडला आहे: मुखवटे, शस्त्रे, वस्त्रे, दागिने, अशा दाटीने की पहिल्या दालनातच तासभर जातो. मुरुंबी १९६६ मध्ये केनियाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी पदावरून बाजूला झाले. त्यांचे वडील गोमंतकीय व्यापारी होते, आई मसाई जमातीची होती, आणि शाळेसाठी त्यांना भारतात पाठवण्यात आले होते.

तेथून मी टॅक्सीने सिटी पार्कला गेलो. तेथील दफनभूमीत पियो गामा पिंटो यांची कबर आहे. पिंटो १९२७ मध्ये नैरोबीतच जन्मले, भारतात शिकले, गोवामुक्तीच्या चळवळीत उतरले, केनियात परतल्यावर इंग्रजांनी त्यांना स्थानबद्ध केले, आणि स्वातंत्र्य मिळाल्यानंतर, २४ फेब्रुवारी १९६५ रोजी, त्यांच्या घराच्या फाटकाशी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. हत्येचे समाधानकारक उत्तर आजवर मिळालेले नाही. मुरुंबी हे त्यांचे जवळचे मित्र होते. मित्राच्या जवळच आपले दफन व्हावे अशी त्यांची इच्छा होती आणि ती पाळली गेली. बागेत साइक्स जातीची माकडे आहेत. ती पिशवीत हात घालतात, तेव्हा खाण्याचे पदार्थ घेऊन जाऊ नये. एकट्याने मात्र तेथे रेंगाळू नये, सोबत कुणी स्थानिक असावे.

*

ठाण्याहून

आमच्याबरोबर आई-बाबा होते, त्यामुळे शहराच्या मध्यभागी पायी हिंडण्याऐवजी आम्ही गाडी ठरवून लँगाटा भागात गेलो. शेल्ड्रिक संस्थेत अनाथ हत्तींची पिल्ले अकरा ते बारा या वेळात लोकांना पाहता येतात. नाव आधी नोंदवावे लागते, ऐनवेळी प्रवेश मिळत नाही. बाटलीने दूध पिऊन चिखलात लोळणारी पिल्ले पाहताना बाबांनी एकदाही घड्याळ पाहिले नाही, ही त्यांच्या बाबतीत मोठी गोष्ट आहे. राखणदार प्रत्येक पिल्लाची हकिकत सांगतात. कुणाची आई शिकाऱ्यांनी मारलेली असते, कुणी विहिरीत पडलेले असते. थोडी मोठी झाली की ही पिल्ले सावोच्या जंगलात हलवली जातात आणि हळूहळू रानटी कळपांत मिसळतात.

जवळच्या जिराफ केंद्रात उंच सज्जावरून जिराफांना हाताने खाद्य भरवता येते. मुलांना मजा वाटेल. मला तो प्रकार फोटोंसाठीच असल्यासारखा वाटला, पण रॉथ्सचाइल्ड जिराफाचे गुडघ्याखाली ठिपके नसलेले पांढरे पाय इतक्या जवळून पुढे कुठे दिसले नाहीत, हेही खरे. नैरोबी राष्ट्रीय उद्यान आम्ही वगळले. पुढे मसाई मारा आणि सेरेंगेटी ही मोठी अभयारण्ये असताना शहराला खेटून असलेल्या उद्यानात अर्धा दिवस कशाला, असा विचार केला.

*

नागपूरहून

मी मोकळा दिवस खरेदीत घालवला आणि त्याचा पुढे रोज उपयोग झाला. ट्रकमधल्या कप्प्यात कडक कवचाची सूटकेस मावत नाही, मऊ पिशवीच लागते. डॉलरच्या जुन्या किंवा फाटक्या नोटा वाटेत कुणी घेत नाही, तेव्हा त्या भारतातूनच नव्या आणाव्यात. केनियातले सॉकेट तीन चपट्या पिनांचे असते, आपला प्लग त्यात बसत नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे, आणि राष्ट्रीय उद्यानांत २०२० पासून एकदा वापरून फेकायच्या पाण्याच्या बाटल्याही चालत नाहीत. स्टीलची बाटली बरोबर ठेवावी. शाकाहारी असाल तर संध्याकाळच्या बैठकीतच स्वयंपाक्याशी बोलून घ्यावे. मी नैरोबीच्या पार्कलँड्स भागातल्या डायमंड प्लाझा या बाजारसंकुलातून लोणचे आणि फरसाण घेतले होते, आणि त्यावर सहप्रवाशांनी ताव मारला.

*

नैरोबीतून

येथे राहणाऱ्याचे चार शब्द. ठाण्याच्या ताईंचे उद्यानाबद्दलचे मत मला मान्य नाही. ११७ चौरस किलोमीटरचे हे उद्यान १९४६ पासूनचे, देशातले सर्वांत जुने आहे. त्यात हत्ती नाहीत, हे खरे. पण गेंडा येथे जितक्या सहज दिसतो तितका मारामध्ये दिसत नाही. गवतात उभा काळा गेंडा आणि त्याच्यामागे शहरातल्या उंच इमारती, हे दृश्य दुसरीकडे कुठे मिळणार? सकाळी सहाला फाटकाशी हजर राहिल्यास दहापर्यंत फेरी होते, आणि हत्तींच्या पिल्लांची अकराची वेळही गाठता येते, कारण ती संस्था उद्यानाच्याच कडेला आहे.

जेवणाबद्दल कुणीच लिहिलेले नाही. पार्कलँड्समध्ये गुजराती थाळी आणि बटाट्याची भजी उत्तम मिळतात, पण पुढे ट्रकच्या वाटेवर उगालीची (मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा) गाठ पडणारच आहे, तेव्हा ती येथेच सुकुमा विकी या पालेभाजीबरोबर एकदा खाऊन पाहावी. गरम उगालीचा लहानसा गोळा हाताने दाबून त्यात भाजी उचलायची असते. मांसाहारी मंडळींनी न्यामा चोमा (भाजलेले मांस) मागवून किमान तासभर थांबण्याची तयारी ठेवावी, कारण मांस मागणीनंतरच निखाऱ्यावर चढते. हस्तकलेच्या वस्तूंच्या मसाई बाजाराची जागा वारानुसार बदलते. शुक्रवारी तो व्हिलेज मार्केटमध्ये भरतो, आणि पहिल्या सांगितलेल्या किमतीला कुणीही वस्तू घेत नाही.

मटाटूत (येथली खासगी प्रवासी मिनीबस) बसायची हौस असेल तर दुपारी बसावे, कारण गर्दीच्या वेळी आणि पाऊस आला की भाडे वाढते. मध्यवर्ती भागात फोन हातात धरून चालू नये, आणि अंधार पडल्यावर थोड्या अंतरासाठीही टॅक्सीच करावी. जून ते ऑगस्टमध्ये येणाऱ्यांनी स्वेटर आणावा; शहर जवळजवळ १,८०० मीटर उंचीवर आहे आणि त्या दिवसांत आभाळ दुपारपर्यंत उघडत नाही. बैठक सहाची असेल आणि तुम्ही लँगाटात असाल, तर चारच्या आधी निघा.