मदत हवी आहे: सुई टोचली, उद्या रविवार

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी एका छोट्या खाजगी दवाखान्यात नर्स आहे. काल रात्रपाळीत पेशंटचं रक्त काढल्यावर सुईला टोपण घालायला गेले आणि तीच सुई बोटात घुसली. (टोपण परत घालायचं नसतं, माहीत आहे हो. सुई थेट पांढऱ्या डब्यात टाकायची; पण डबा होता दुसऱ्या वॉर्डात!)

बोट पिळलं नाही, चोखलं नाही, साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुतलं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "काही होत नाही गं, आम्हाला किती वेळा टोचलंय." तेवढ्यावर विश्वासून मी घरी येऊन झोपले, आणि त्यात 14 तास गेले. पीईपीच्या (एचआयव्हीची लागण टाळायच्या) गोळ्या 72 तासांच्या आत, खरं तर पहिल्या दोन तासांतच सुरू करायच्या असतात. पुढे 28 दिवस घ्यायच्या.

एचआयव्हीचा धोका साधारण 300 मध्ये 1, म्हणून थोडा धीर आहे. जास्त भीती हिपॅटायटिस बी ची. लसीच्या तीनपैकी दोनच डोस झालेत, तिसरा राहूनच गेला. पेशंटचा रिपोर्ट अजून आलेला नाही.

मी आत्ताच जिल्हा रुग्णालयात निघतेय. एआरटी सेंटर (एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र) बंद असेल तर कॅज्युअल्टीत गोळ्या मिळतात का? खाजगीतल्या स्टाफला पत्र मागतात का? तिसरा डोस लगेच घ्यायचा, की सोबत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार अँटीबॉडीजचं इंजेक्शन) लागेल? आमच्याकडे अशा घटनांचं रजिस्टरच नाही. लेखी नोंद कुणाकडून करून घेऊ? बाळ आठ महिन्यांचं आहे, अंगावर पितंय. त्याचं काय करू?