ऑगस्टमध्ये ग्रीक बेटं बोटीने: मिकोनोस, सँटोरिनी, नॅक्सोस. क्रम आणि तिकिटांबद्दल सल्ला हवा

रानजाई:
नमस्कार मंडळी. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं ग्रीसला जातोय. नवरा, मी, ८ वर्षांचा मुलगा आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. सध्याचा बेत असा: अथेन्स, मग मिकोनोस (२ रात्री), सँटोरिनी (३), नॅक्सोस (२). नॅक्सोसहून सकाळची बोट पकडून पिरेअस (अथेन्सचं मोठं बंदर) आणि त्याच रात्री १० वाजता मुंबईकडे विमान.

मिकोनोस ते सँटोरिनी बोट माणशी ८०-९० युरो दाखवतेय. स्वस्त पर्याय नाही का? सासूबाईंना घाटातसुद्धा गाडी लागते, तर कोणती बोट घ्यावी? आणि वाऱ्यामुळे बोटी रद्द होतात म्हणतात, ते कितपत मनावर घ्यायचं?

दर्यासारंग:
रानजाई, आधी क्रम बदला. नकाशा उघडून बघा. मिकोनोस उत्तरेला, सँटोरिनी दक्षिणेला आणि नॅक्सोस दोघांच्या मधे. तुम्ही वरून खाली जाऊन पुन्हा अर्ध्यावर येताय. मिकोनोस-सँटोरिनी या पट्ट्यावर मुख्यतः वेगवान कटमरान (जोडतळाच्या हलक्या बोटी) चालतात, म्हणून तो महाग. शिवाय वारा वाढला की याच बोटी आधी बंद होतात.

माझ्या मते असं करा: पिरेअसहून सकाळी साडेसातच्या सुमारास सुटणाऱ्या मोठ्या बोटीने थेट सँटोरिनी, तिथून नॅक्सोस, तिथून मिकोनोस आणि मिकोनोसहून राफिना. पिरेअस नाही, राफिना. हे अथेन्सच्या पूर्व किनाऱ्यावरचं बंदर विमानतळाच्या बरंच जवळ आहे. टॅक्सीने अर्धा तास, बसने पाऊण. मिकोनोसहून वेगवान बोट दोन-अडीच तासांत आणि मोठी साडेचार-पाच तासांत राफिनाला पोचते.

पहिला टप्पा लांब आहे, पिरेअस ते सँटोरिनी पावणेआठ-आठ तास. पण वाटेत पारोस आणि नॅक्सोस लागतात, उघड्या डेकवर बसता येतं आणि तिकीट साधारण ५० युरोच्या आसपास पडतं. पुढे सँटोरिनी-नॅक्सोस मोठ्या बोटीने दोन तास. नॅक्सोस-मिकोनोस वेगवान बोटीने तासाभराच्या आत-बाहेर.

परतीची बोट आणि मुंबईचं विमान एकाच दिवशी मात्र अजिबात ठेवू नका. शेवटची रात्र अथेन्सला किंवा राफिनाला काढा. बोट तास-दीड तास उशिरा येणं ऑगस्टमध्ये नेहमीचं आहे, आणि रद्द झाली तर विमान कंपनी तुमची वाट बघणार नाही.

आता वारा. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा वारा वाहतो. आकाश निळं स्वच्छ, पाऊस नाही, आणि तरीही समुद्र खवळलेला. सलग तीन-चार दिवससुद्धा टिकतो. बोटींसाठी वाऱ्याचा जोर बोफर्ट या मोजपट्टीवर मोजतात: ६ म्हणजे ताशी ३९ ते ४९ किमी, ७ म्हणजे ५० ते ६१, ८ म्हणजे ६२ ते ७४. ६-७ ला छोट्या कटमरान डगमगू लागतात आणि उशीर वाढतो. त्यापुढे बंदराचे अधिकारी बोटीच्या प्रकाराप्रमाणे बंदी घालतात, तिला अपागोरेफ्तिको म्हणतात. मोठ्या बोटी सर्वांत शेवटी थांबतात. कंपनीच्या हातात तेव्हा काही नसतं, त्यामुळे खिडकीवर भांडून उपयोग नाही.

मीठभाकर:
दर्यासारंग यांनी क्रम अचूक सांगितलाय. सासूबाईंच्या दृष्टीने बोटीच्या प्रकाराबद्दल थोडं जास्त लिहिते.

वेगवान कटमरान हलक्या असतात. लाट आली की त्यांची पुढची बाजू उचलली जाते आणि आपटते. नॅक्सोसहून मिकोनोसला जाताना तोंड उत्तरेला, म्हणजे वारा समोरून, तेव्हा हे आपटणं जास्त जाणवतं. बहुतेकींमध्ये उघडा डेक नसतो किंवा अगदी नावापुरता असतो, खिडक्या बंद, आणि एकाला उलटी झाली की तो वास सगळ्यांपर्यंत पोचतो. ब्लू स्टार फेरीजसारख्या मोठ्या गाडीवाहू बोटी जड असतात. त्या आपटत नाहीत, संथपणे झुलतात, आणि बाहेर जाऊन क्षितिजाकडे बघत बसता येतं. गाडी लागणाऱ्या माणसासाठी मोठी बोटच. राफिनाच्या टप्प्यालाही मोठीच घ्या, कारण एविया आणि आंद्रोस या बेटांच्या मधल्या काफिरेआसच्या सामुद्रधुनीतून वारा त्या भागात जोराने उतरतो.

बसायची जागा बोटीच्या मधोमध किंवा किंचित मागे, आणि जमेल तितकी खालच्या मजल्यावर. पुढच्या काचेजवळ दृश्य छान दिसतं, पण हेलकावेही तिथेच सर्वांत जास्त. अ‍ॅव्होमीन (गाडी लागू नये म्हणून घ्यायची गोळी) निघण्याच्या एक-दोन तास आधी घ्यायची असते. मळमळ सुरू झाल्यावर घेतली तर ती पोटात टिकतच नाही. तिने झोप येते आणि वयस्कर माणसाचा तोल जाऊ शकतो, म्हणून बीपीच्या वगैरे गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच घ्या. रिकाम्या पोटी बसवू नका. बोटीवर चीजची तिरोपिता आणि पालकाची स्पानाकोपिता सहसा मिळते, पण सुकी बिस्किटं नाहीतर खाकरा जवळ असलेला बरा.

तिकीट काढताना साध्या इकॉनॉमीत आसनक्रमांक नसतो. ज्याला जी जागा मिळेल ती त्याची. ऑगस्टमध्ये आधी चढलेले लोक सोफे धरून बसतात आणि उशिरा आलेले जिन्यात. निदान सासूबाईंसाठी क्रमांकाचं आसन घ्याच, थोडेच युरो जास्त लागतात. आठ तासांच्या टप्प्यात केबिनचाही विचार करा, आडवं व्हायला मिळतं. मुलाला अर्धं तिकीट लागेल. ५ वर्षांखालच्यांना फुकट असतं, पण तिकीट काढावंच लागतं. नावं पासपोर्टवर आहेत तशीच टाका.

रानजाई:
खूप खूप आभार दोघांचे! आता उलटाच क्रम करते. आणखी दोन शंका. तिकिटं आत्ताच काढायची की तिथे जाऊन? आणि पिरेअसला सकाळी सातला पोचायचं कसं, बंदर फार मोठं आहे म्हणे. बोट खरंच रद्द झाली तर पैसे परत मिळतात का?

घाटवाट:
तिकिटं आत्ताच काढा. १५ ऑगस्ट आपल्याकडे सुट्टी, आणि ग्रीसमध्येही मोठा सण, मरियम मातेचा. अख्खं अथेन्स गावी आणि बेटांवर निघतं. तिनोस बेटावर तर त्या दिवशी देशभरातून भाविक येतात, आणि मिकोनोस-राफिना बोटी बहुधा तिनोसवरूनच जातात. १४ ते १६ तारखेचा प्रवास टाळता आला तर उत्तम. तिकिटं बदलता येणारी घ्या. फेरीहॉपरसारख्या साइटवर सगळ्या कंपन्या एकत्र दिसतात, मोबाइलवर ई-तिकीट येतं. क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

पिरेअसला फाटकं ई१ ते ई१२ अशी आहेत. सिक्लेडीसकडे, म्हणजे तुमच्या बेटांकडे जाणाऱ्या मोठ्या बोटी बहुधा ई६ किंवा ई७ वरून सुटतात, आणि मेट्रो स्टेशन त्यांच्या समोरच आहे. रस्त्यावरून पादचारी पूल आहे. फाटक आदल्या दिवशी तिकिटावर किंवा कंपनीच्या साइटवर तपासा. ई१ला जायचं असेल तर दीड किलोमीटरहून जास्त चाल पडते, त्यासाठी बंदराच्या आत मोफत बस फिरते. अथेन्सच्या मध्यावरच्या मोनास्तिराकीहून हिरवी मेट्रो २०-२५ मिनिटांत पोचवते. निळी मेट्रो २०२२ पासून विमानतळाहून थेट पिरेअसपर्यंत येते, तासभर लागतो, पण तिची पहिली गाडी साडेसातच्या बोटीसाठी उशिराची आहे. पहाटे विमानतळावर उतरणार असाल तर तिथून पिरेअसला एक्स९६ बस चोवीस तास असते. वयस्कर माणूस बरोबर आहे, तर आदली रात्र पिरेअसमध्येच काढलेली बरी. हिरव्या मेट्रोत आणि पिरेअस स्टेशनावर पाकीटमारी फार चालते. पासपोर्ट अंगावर, आतल्या खिशात.

बोटीवर ४५ मिनिटं आधी पोचा. मागचं दार उघडून रॅम्प खाली येतो आणि माणसं, ट्रक, मोटारी सगळे त्यावरूनच आत जातात. आत शिरताच गाड्यांच्या मजल्यावर सामानाची मांडणी असते, तिच्यावर बेटाचं नाव लिहिलेलं असतं. जिथे उतरायचं त्याच बेटाच्या खणात बॅग ठेवली की तिथेच सापडते; दुसऱ्या बेटाच्या खणात ठेवली तर उतरताना शोधत बसाल. औषधं आणि कागदपत्रं वर घेऊन जा. सासूबाईंसाठी कर्मचाऱ्यांना लिफ्ट विचारा, मोठ्या बोटींवर असते.

उतरायची घोषणा १०-१५ मिनिटं आधी होते, तेव्हा लगेच खाली या. वाटेतल्या बेटावर बोट पाच-दहा मिनिटंच थांबते. रॅम्प बोट पूर्ण थांबण्याआधीच खाली यायला लागतो, मुलाचा हात सोडू नका.

पैशांचं: युरोपीय संघाचा २०१० चा ११७७ क्रमांकाचा नियम लागू होतो. बोट रद्द झाली किंवा ९० मिनिटांहून जास्त उशिरा सुटणार असेल, तर दुसऱ्या बोटीत जागा किंवा पूर्ण परतावा, निवड तुमची. परतावा ७ दिवसांत. मात्र वाऱ्यामुळे रद्द झाली तर हॉटेलचा खर्च आणि वरची नुकसानभरपाई मिळत नाही. आणि दोन वेगळ्या कंपन्यांच्या बोटी लागोपाठ घेतल्या, पहिली उशिरा आली म्हणून दुसरी सुटली, तर त्याची जबाबदारी कोणीच घेत नाही.

सावलीबाई:
याच धाग्यावर विचारते. कोस या ग्रीक बेटाहून समोरच्या तुर्कस्तानात, बोद्रुमला, बोट जाते. एका दिवसात जाऊन यायचं असेल तर शेंगेन व्हिसावर (ग्रीससह बऱ्याच युरोपीय देशांसाठीचा एकच व्हिसा) चालेल का?

दर्यासारंग:
बेटाबेटांमधल्या बोटींवर पासपोर्टचे शिक्के नसतात, पण बोद्रुमला जाताना कोसच्या बंदरात तुमच्या नावावर शेंगेनमधून बाहेर पडल्याची नोंद होते. व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर तो तिथेच संपला, संध्याकाळी कोसमध्ये परत घेणार नाहीत. व्हिसावर प्रवेशांच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा: ०१ असेल तर जाऊ नका, मल्ट (म्हणजे अनेकदा प्रवेश) असेल तर तुर्कस्तानचा व्हिसा वेगळा काढून जाता येतं.