देवनागरीत ट्रॅकिंग जपून वापरा

अक्षरांमधलं अंतर दोन प्रकारे बदलता येतं, कर्निंग आणि ट्रॅकिंग: कर्निंग म्हणजे दोन ठरावीक अक्षरांमधलं अंतर, ट्रॅकिंग म्हणजे सगळ्या मजकुराला सरसकट दिलेलं. पण ‘मथळ्याला थोडं ट्रॅकिंग दिलं की तो मोकळा दिसतो’ असं म्हणतात, ते इंग्रजीच्या रोमनसारख्या सुट्या अक्षरांच्या लिपीपुरतंच खरं आहे. देवनागरीत अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. ‘महाराष्ट्र’ला दोन-तीन पिक्सेल दिले तरी म, हा, रा, ष्ट्र असे सुटे तुकडे दिसतात आणि डोळा शब्द एकसंध वाचत नाही. वेबसाइटवर हे नकळत होतं, कारण इंग्रजीसाठी बनवलेल्या थीममध्ये मथळ्यांना आणि बटणांना लेटर-स्पेसिंग (म्हणजे ट्रॅकिंगच) आधीच दिलेलं असतं. सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, मराठी मजकुरापुरतं ते शून्य करा. मथळा मोकळा हवाच असेल तर अक्षरांचा आकार किंवा वजन (जाडी) बदला, शब्दांमधलं अंतर थोडं वाढवा.

तीच गोष्ट लाइन-हाइटची, म्हणजे अक्षराच्या आकाराच्या पटीत मोजलेल्या ओळीच्या उंचीची. १.२ वर इंग्रजी मथळा नीट बसतो, पण मराठीत ‘मूर्तींची’सारख्या शब्दात वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली दीर्घ ऊकार, अशी दोन्हीकडे गर्दी असते. वरच्या ओळीतला ऊकार खालच्या वेलांटीला भिडतो. परिच्छेदाला मी १.६ च्या खाली जात नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ (Mukta) हा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत आहे. त्यात एकच ओळ १.२ आणि १.६ ने लावून बघा, फरक लगेच कळेल.